पटवाऱ्याची वही आणि बागीचे मन

1960 चा मे महिना. भिंड-मुरैनाकडचे ऊन विदर्भातल्या माणसालाही नको वाटावे असे असते. त्या उन्हात 64 वर्षांचे विनोबा भावे चंबळच्या घळींमधून पायी चालले होते. काश्मीरची पदयात्रा संपवून ते खाली उतरले, त्याला एक पत्र कारण झाले होते. चंबळचा सर्वांत दबदब्याचा दरोडेखोर मानसिंग 1955 मध्येच पोलिसांच्या गोळीने मेला होता; त्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. विनोबांना एकदा भेटावे, एवढीच त्याची इच्छा होती. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना पुढे पाठवले, मग स्वतः आले, आणि त्या महिन्यात वीस जणांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या.

त्या वेळी मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे प्रमुख होते खुस्रो फरामर्झ रुस्तमजी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. पुढे सीमा सुरक्षा दल उभे केले ते हेच. विनोबांच्या या यात्रेवर त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. ज्यांच्या मागावर पोलीस वर्षानुवर्षे जीव धोक्यात घालतात, ज्यांनी शिपाई मारले, बायका विधवा केल्या, त्यांच्या गळ्यात हार पडू लागले तर शिपायाने बंदूक कशासाठी उचलायची? विनोबांचा पवनारचा आश्रम आणि कामठी यांच्यात शंभर किलोमीटरही अंतर नाही. विदर्भाशी नाते असलेली ही दोन माणसे सहाशे-सातशे किलोमीटर दूरच्या नदीकाठी एकमेकांसमोर उभी राहिली, आणि वाद वरवर कायदा-सुव्यवस्थेचा दिसत असला तरी मुळात धर्माचा होता. पाप कोणाचे? पश्चात्तापाने ते फिटते का? आणि फिटत असेल, तर ज्याचा मुलगा मारला गेला त्याच्या हिशेबात काय जमा होते?

या प्रश्नांना उत्तर देण्याआधी बागी होतो कोण, हे पाहायला हवे. चंबळमध्ये लोक त्यांना बागीच म्हणतात. डाकू हा पोलिसांचा आणि सिनेमाचा शब्द.

पानसिंग तोमर मुरैना जिल्ह्यातल्या भिडोसा गावचा. सैन्यात सुभेदार, स्टीपलचेस शर्यतीत सात वेळा राष्ट्रीय विजेता, 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत देशासाठी धावलेला. निवृत्त होऊन गावी आला आणि जमिनीवरून भाऊबंदकीत अडकला. ऑक्टोबर 1981 मध्ये चकमकीत मेला तेव्हा त्याच्या नावावर टोळी होती. मलखानसिंग भिंड जिल्ह्यातल्या बिलावचा. त्याचे भांडण गावातल्या देवळाच्या जमिनीवरून, ती सरपंचाने बळकावली म्हणून. फूलनदेवी जालौन जिल्ह्यातली मल्लाहांची पोर. बापाच्या वाट्याची एकरभर जमीन चुलत घराने दाबली, तिथून तिची फरफट सुरू झाली. आणि मानसिंग? तो ठाकूर, खाऊनपिऊन सुखी, आग्रा जिल्ह्यातल्या खेडा राठौरचा मातब्बर माणूस. गावातल्या दुसऱ्या वजनदार घराशी हाडवैर आले आणि माणूस घळीत उतरला.

चार माणसे, ऐपत चार तऱ्हांची. तिघांच्या गोष्टीत जमीन आहे, चौथ्याच्या गोष्टीत गावकीचा मान आहे; आणि चंबळमध्ये मान शेवटी जमिनीवरच मोजला जातो. महाराष्ट्रात ज्याने सात-बाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात चपला झिजवल्या आहेत, त्याला यापुढचे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. तिकडे तलाठ्याला पटवारी म्हणतात आणि उताऱ्याला खसरा-खतौनी. हंगामाला पटवारी शिवारात फिरून कोणत्या तुकड्यात कोण पेरतो याची नोंद करतो. निदान करायची असते. बऱ्याचदा ती कोणाच्या तरी ओसरीवर बसूनच होते, आणि ओसरी अर्थातच गावातल्या वजनदाराची असते. एका हंगामात कसणाऱ्याच्या नावापुढे दुसरेच नाव चढते. पुढच्या हंगामात ती नोंद पुरावा ठरते. मूळ मालक तहसीलीत जातो, तिथून दिवाणी कोर्टात, आणि तारखा पडू लागतात. दरम्यान ज्याचे नाव चढले तो पेरणीला येतो, लाठ्या चालतात, एखाद्याचे डोके फुटते. ठाण्यावर तक्रार कोणाची घ्यायची हे ठाणेदाराची जात आणि समोरच्याची थैली ठरवते. खऱ्या मालकावरच खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागते. घराच्या मागे घळी सुरू होतात. तिथे पोहोचायला दहा मिनिटे पुरतात आणि परत यायला वीस वर्षे.

गरिबीने माणूस दरोडेखोर होतो, हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे. गरिबीच कारण असती तर कालाहंडी आणि मेळघाट यांनी टोळ्यांवर टोळ्या दिल्या असत्या. चंबळमध्ये आणखी काही गोष्टी एकत्र आल्या. गाळाची माती पावसाने कापली जाऊन झालेल्या घळी, ज्यांना तिथे बीहड म्हणतात, दर पावसाळ्याला शेताचा आणखी एक लचका तोडतात. म्हणजे उरलेल्या जमिनीवरचे भांडण दर पावसाळ्याला वाढते. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या सीमा इथे भिडतात. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात गेले की पहिल्या राज्याची फाईल तिथेच थांबते. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाणारा हा मुलूख, त्यामुळे नेम धरायला कोणाला शिकवावे लागत नाही. आणि बंदुकीशिवाय खांदा मोकळा वाटावा अशी इथली पुरुषार्थाची कल्पना. 2008 मध्ये शिवपुरी जिल्ह्याच्या प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना काढली होती. पौरुषाचे एक चिन्ह घालवून दुसरे मिळवण्याचा हा सरकारी सौदा ज्या साहेबाला सुचला, त्याला आपला जिल्हा नीट कळला होता, एवढे मान्य करावेच लागेल.

आता प्राचीन ग्रंथांकडे वळू, कारण हा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’मधून झालेली असते. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला अडवतो. राज्यात चोर-दरोडेखोर माजले आहेत, गावे लुटली जात आहेत. अशात यज्ञासाठी कर वाढवणे हे अकर्तव्य आहे. बरे, दरोडेखोरांना मारून, कोंडून, हद्दपार करून हा उपद्रव संपवू म्हणाल, तर जे वाचतील ते पुन्हा छळतील. त्यापेक्षा शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला नीट वेतन द्या. राजाने तसे केले. मग लोक दारे उघडी ठेवून पोरांना अंगावर खेळवू लागले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा पुरोहित आज नियोजन विभागातल्या कुठल्याही सचिवाला हेवा वाटावा इतका स्पष्ट बोलतो.

पण त्याच दीघनिकायात चक्कवत्ति-सीहनाद सुत्तही आहे, आणि ते कूटदन्ताइतके कोणी उद्धृत करत नाही. तिथल्या राजाने गरिबांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले, म्हणून चोरी सुरू झाली. पहिला चोर पकडून आणला तेव्हा राजाला दया आली आणि त्याने चोराला धन दिले. बातमी पसरली. लोक म्हणाले, चोरी केली की राजा धन देतो; चला, आपणही चोरी करू. मग राजाने धोरण बदलून एका चोराचे डोके उडवले. लोक म्हणाले, पकडले गेलो तर डोके जाणार, मग आपणही शस्त्रे करू आणि ज्यांना लुटायचे त्यांचीच डोकी उडवू. तिथून पुढे माणसाचे आयुष्यच घटत गेले, असे सुत्त सांगते.

रुस्तमजींचा आक्षेप पाली भाषेत आधीच नोंदवलेला होता. करुणा योग्य, पण ती चोरी झाल्यावर चोरापाशी पोहोचली तर चोरीचा पायंडा पाडते. आणि दंडही उशिरा आला तर हिंसा शिकवतो. सुत्ताचा रोख दोन्ही उपायांच्या मागच्या क्षणाकडे आहे: चोरी होण्याआधी राजा काय करत होता?

चंबळमध्ये पुढे झाले ते या सुत्ताबरहुकूमच. 1971 मध्ये माधोसिंग नावाचा मोठा बागी विनोबांकडे पोहोचला. विनोबांनी त्याला जयप्रकाश नारायण यांच्याकडे पाठवले. पाटण्यात जयप्रकाशांच्या दारात तो ठेकेदार म्हणून गेला, नाव सांगितले रामसिंग. एप्रिल 1972 मध्ये जौराजवळ माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. एकट्या मोहरसिंगाच्या डोक्यावर दोन लाखांचे इनाम होते. त्या लाटेत चंबळ आणि बुंदेलखंड मिळून चारशेहून अधिक जण शरण आले. फाशी होणार नाही, घरच्यांची सोय होईल, असे ठरले होते. मुंगावलीला त्यांच्यासाठी खुले कारागृह उभे राहिले. मोहरसिंग शिक्षा भोगून आला, मेहगावात राहिला, तिथल्या नगर पंचायतीचा अध्यक्ष झाला आणि 2020 मध्ये म्हातारपणाने वारला. तो पुन्हा घळीत गेला नाही. हृदयपरिवर्तनाला हसणाऱ्यांनी ही गोष्ट बाजूला ठेवू नये.

मात्र दहा वर्षांत नवे चेहरे व्यासपीठावर होते. जून 1982 मध्ये मलखानसिंग, फेब्रुवारी 1983 मध्ये फूलनदेवी. दोघेही भिंडमध्ये, मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर, हजारोंच्या गर्दीत. फूलनने गांधीजींच्या आणि दुर्गेच्या तसबिरीपुढे रायफल ठेवली. शरणागती हा आता एक सोहळा झाला होता, त्याचा विधी ठरून गेला होता, आणि त्याचा राजकीय नफा सगळ्यांना कळू लागला होता. एका पिढीची मने पालटली होती. पुढच्या पिढीला घळीत ढकलणारी ठाणी, कोर्टे आणि पटवाऱ्याच्या वह्या जशाच्या तशा होत्या.

सगळ्यात बोचरी गोष्ट अशी की जमिनीचा प्रश्न विनोबांइतका त्या काळात कोणी उराशी धरला नव्हता. 1951 मध्ये पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली तीच जमिनीवरून चाललेल्या हिंसेच्या मुलखात. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये कैद्यांपुढे गीतेवर बोलणाऱ्या या माणसाची श्रद्धा होती की आतला माणूस जागा झाला की बाहेरची व्यवस्था मागून येते. भूदानात जमीनदारांची मने खरोखर हलली, लाखो एकरांची दानपत्रे लिहिली गेली. पण त्यातल्या मोठ्या हिश्शाचे वाटपच झाले नाही. काही दान कोर्टकज्ज्यात अडकले, काही खडकाळ निघाले, काही दात्यांच्या वारसांनी परत ओढले. दान मनाने झाले, वहीत चढले नाही. चंबळमध्ये तेच घडले. विनोबा चुकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपले काम केले. दप्तर दुरुस्त करणे हे संताचे काम नव्हते, राज्याचे होते, आणि राज्याने संताला पुढे करून ते टाळले.

बागीच्या बाजूनेही धर्म काही कमी नव्हता. रुस्तमजींच्या डायऱ्यांमध्ये खऱ्या गब्बरसिंगाची हकिगत आहे: कुलदेवीला 116 नाके वाहिली तर पोलिसांची गोळी लागणार नाही, असे त्याला एका तांत्रिकाने सांगितले होते म्हणे, आणि तो माणसांची नाके कापत सुटला. 13 नोव्हेंबर 1959 ला तो मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी पंडित नेहरूंच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून ती बातमी दिली गेली. मानसिंगाचे त्याच्या गावी देऊळ आहे. चित्रकूटच्या पट्ट्यात तीस वर्षे दहशत गाजवलेल्या ददुआने फतेहपूर जिल्ह्यात मारुतीचे देऊळ बांधले. 2007 मध्ये तो चकमकीत मेल्यावर काही वर्षांनी त्याच देवळात त्याचाही पुतळा बसला.

या भक्तीला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण शान्तिपर्वातला भीष्म तसे म्हणणार नाही. आपद्धर्माच्या प्रकरणात तो युधिष्ठिराला कायव्याची गोष्ट सांगतो. क्षत्रिय बाप आणि निषाद आई यांचा हा मुलगा दस्यूंचा म्होरक्या होतो, पण अट घालतो: बाईला मारायचे नाही, भित्र्याला, मुलाला, तपस्व्याला हात लावायचा नाही, न लढणाऱ्यावर शस्त्र उगारायचे नाही. या मर्यादेमुळे दस्यू असूनही त्याला सिद्धी मिळाली, असे भीष्म सांगतो. चंबळच्या जुन्या बागींबद्दल गावोगाव अशाच गोष्टी सांगतात. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी 1969 च्या आपल्या पुस्तकात अशा लोकांना सामाजिक दरोडेखोर म्हटले: राज्याच्या लेखी गुन्हेगार, गावाच्या लेखी नायक. तीन वर्षांनी, म्हणजे जौराची शरणागती झाली त्याच साली, अँटन ब्लॉक या डच अभ्यासकाने त्यांना हरकत घेतली. दरोडेखोर गरिबांच्या बाजूने क्वचितच उभा राहतो, म्हणाला. टिकायचे तर त्याला जमीनदाराचा, पुढाऱ्याचा, आपल्या जातीचा आसरा लागतो, आणि आसऱ्याची किंमत गरीबच मोजतात. चंबळ पाहिल्यावर ब्लॉकचे पारडे जड वाटते. माणूस उचलून न्यायचा आणि खंडणी येईपर्यंत घळीत ठेवायचा, या धंद्याला तिथे ‘पकड’ म्हणतात. एकदा पकड हा उत्पन्नाचा मार्ग झाल्यावर कायव्याची मर्यादा नावालाही राहिली नाही. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून मारली गेलेली माणसे बहुतेक खालच्या जातींची आणि हातावर पोट असलेली होती.

त्यांचे काय, हा प्रश्न विनोबांच्या आणि जयप्रकाशांच्या व्यासपीठांवर मागेच राहिला. बौद्ध परंपरेने तो झाकला नव्हता. दरोडेखोर अंगुलिमालाला बुद्धाने संघात घेतले, प्रसेनजित राजाने त्याला नमस्कारही केला. पण तो भिक्षेला गेला की गावकरी दगड मारत. डोके फुटून, पात्र मोडून तो परत येई आणि बुद्ध त्याला सांगत, सहन कर, तुझ्याच कर्माचे फळ आहे. भिक्षूचे मन पालटले हे खरे, गावाचा राग खोटा हे कोणी म्हटले नाही.

आपल्या धर्मशास्त्रात तर याहून रोकडा नियम आहे. चोरीचा माल राजाने शोधून मालकाला द्यावा. न सापडल्यास आपल्या कोशातून भरून द्यावा, असे गौतम धर्मसूत्र सांगते. राजा सहावा हिस्सा घेतो तो रक्षणासाठी. रक्षण करत नसेल तर प्रजेच्या पापाचा वाटा त्याच्या माथी, ही स्मृतींची भूमिका. जुन्या मराठी मुलखात हाच नियम गावपातळीवर चालत होता. रामोशी-जागल्याने चोराचा माग काढायचा, माग दुसऱ्या गावच्या शिवेला नेऊन भिडवायचा, नाही तर चोरी भरून द्यायची. त्या बदल्यात गावाने त्याला हक्क द्यायचे. पेशवाई गेली, हक्क आटले आणि पुरंदरच्या डोंगरांत उमाजी नाईक उभा राहिला. इंग्रजांनी त्याला एकदा माफी देऊन नोकरीतही घेतले. ते टिकले नाही. 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात त्याला फाशी दिली. पुढे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. काही जाती जन्मतःच चोर असतात, हे त्या कायद्याचे तत्त्वज्ञान. ते विनोबांच्या श्रद्धेच्या नेमके उलट टोक. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. या जमातींना कोंडणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण निघाले, पण ठाण्यातली नजर किती बदलली हे लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचलेल्यांना विचारावे. मोठ्या जातीच्या बागीचे मन पालटू शकते आणि पारध्याच्या पोराचे रक्तच तसे, असे मानणाऱ्या समाजाने हृदयपरिवर्तनाच्या गोष्टी जपून सांगाव्यात.

2007 नंतर चंबळ-बुंदेलखंडातल्या नावाजलेल्या टोळ्या जवळजवळ संपल्या. रस्ते झाले, मोबाइल आले, घळी सपाट करून शेते निघाली. असुरक्षितता मात्र दुसऱ्या वाटेने येते. 8 मार्च 2012 ला मुरैना जिल्ह्यातल्या बानमोरला बेकायदा उपशाचा दगड भरलेला ट्रॅक्टर अडवताना नरेंद्रकुमार हा तरुण आयपीएस अधिकारी त्याच ट्रॅक्टरखाली चिरडला गेला. आता घळीत लपावे लागत नाही. वाळू आणि दगड डांबरी रस्त्यानेच जातात.

फूलनदेवी अकरा वर्षे तुरुंगात राहून सुटली, नागपूरच्या दीक्षाभूमीवर तिने बौद्ध धर्म स्वीकारला, मिर्झापूरमधून दोनदा खासदार झाली आणि 25 जुलै 2001 ला दिल्लीत घरासमोर मारली गेली. 14 फेब्रुवारी 1981 ला बेहमईत तिच्या टोळीने ज्या वीस जणांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या, त्यांच्या खटल्याचा निकाल जानेवारी 2020 मध्ये लागणार होता; मूळ केस डायरीच सापडेना म्हणून तो पुढे गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये, 43 वर्षांनी, कानपूर देहातच्या न्यायालयाने निकाल दिला. तोवर बहुतेक आरोपी आणि फिर्यादी वारले होते. उरलेल्या दोघांपैकी एकाला जन्मठेप झाली, दुसरा पुराव्याअभावी सुटला.